त्या तांदळाचं काय केलं

वर्धा रोडवरच्या चौदाव्या मजल्यावर
मंगळवार, शुक्रवार, अकरा ते साडेबारा
मी परदेशी असते.
खाली माझी स्कूटी, माझं ऊन, माझं नागपूर.
वर दारात चपला काढायच्या,
लसणीचा आंबूस वास नाकात शिरू द्यायचा,
आणि चार बायका कमरेत वाकून म्हणतात : टीचर.

नवरे बुटीबोरीला.
पहाटेच्या गाडीनं जातात, रात्री अकराला येतात.
तिथे काय तयार होतं ते बायकांना सांगता येत नाही,
इंग्रजीत तर नाहीच,
मला वाटतं, कोरियनमध्येही नाही.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं : माझं नाव अमुक आहे.
पहिली म्हणाली, मी जी-होची आई.
दुसरी, मी सो-युलची आई.
तिसरी, मी पण जी-होची आई, पण धाकट्या जी-होची.
चौथीला मूल नव्हतं.
ती अडखळली, मग म्हणाली : युन-जू.
सगळ्यांचं झाल्यावर
पातेल्याच्या तळाचं वाढून घ्यावं तसं.

घरी आल्या आल्या मी नवऱ्याला सांगितलं,
काय जिणं आहे बाप्पा यांचं,
स्वतःचं नाव सांगायला बाईला मूल नसावं लागते!
तो पेपरातून म्हणाला,
ऋत्विजची आई, कूलरमध्ये पाणी टाकलं का?

मग कळलं, पगार अख्खा बायकोच्या हातात.
नवऱ्याला महिन्याचा वरखर्च ती देते, मोजून.
मी-ग्योंगनं हिशेबाची वही दाखवली,
त्यात नवऱ्याच्या सिगारेटी वेगळ्या रकान्यात.
हेवा वाटला. खोटं कशाला बोलू,
यांनी दिलेली फी
मी अजून गव्हाच्या कोठीत लपवते.

एकदा एक नवरा दुपारीच घरी आला, ताप होता.
मला पाहून एवढा वाकला की मीच ओशाळले.
मग सरळ झाला, खुर्चीत बसला,
आणि बायकोकडे न पाहता एक शब्द बोलला.
कोरियन मला येत नाही.
तो शब्द पाणी होता.

भाद्रपदात सन-हुईनं दोन तास बुडवले.
नवऱ्याच्या पणजोबांचं पान मांडायचं होतं,
फोनवर सासू सांगत होती
कोणती वाटी पूर्वेला, मासा कोणत्या तोंडानं.
तिनं बोटावरचा पोळल्याचा डाग दाखवला.
मी माझा दाखवला, वड्यांचा, परवाचाच.
त्या दिवशी व्याकरण झालं नाही.

आडनावाचा धडा युन-जूनं काढला.
लग्नानंतरही तिचं आडनाव वडिलांचंच.
मी म्हटलं, वा!
ती म्हणाली, वा नाही, टीचर.
सासरच्या दारावरच्या पाटीत मावत नाही मी.
मोकळं सोडलं म्हणायचं
की आत घेतलंच नाही म्हणायचं,
तिलाही ठरवता येत नव्हतं. मलाही नाही.

तेव्हा मी माझं सांगितलं.
उमरेडची कुंदा उमाठे होते मी.
खापऱ्यांच्या घरी माप ओलांडलं,
ताटात तांदूळ पसरले,
नवऱ्यानं अंगठीनं त्यात लिहिलं : सुनेत्रा.
'सु' काढताना दोन दाणे पाटावर सांडले,
नणंद हसली,
सगळ्यांनी पेढे खाल्ले.

चौघी गप्प. कोणीतरी भाषांतर करत होतं.
मग युन-जूनं सावकाश,
वर्षभरातलं तिचं पहिलं बिनचूक वाक्य जुळवलं :
मग त्या तांदळाचं काय केलं?

भूतकाळ बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर.
शाबास म्हणायचं होतं.

कोणीतरी ताट उचललं असेल.
निवडलेलेच होते, धुतले असतील, वैरले असतील.
रात्री पंगत होती अंगणात.
सकाळपासून उपाशी होते मी,
वरण-भात दोनदा मागून घेतला होता.